तूटफूट धरून

खुर्च्यावाल्यांनी दर सांगितला पंचवीस, आणि त्याने मला सांगितला अठ्ठावीस. झालं ते एवढंच. मी दुकानाबाहेर उभी राहून फुलवाल्या बाईंशी फोनवर बोलत होते. खुर्च्यावाल्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे जगातल्या सगळ्यांनाच कमी ऐकू येतं असं धरून ते बोलतात. त्यांचा 'पंचवीस' रस्ता ओलांडून समोरच्या चष्म्याच्या दुकानातही पोचला असेल. फोन ठेवून मी आत गेले. माझा होणारा नवरा एका घडीच्या खुर्चीवर बसून ती कुरकुरते का ते पाहत होता, आधी डावीकडे रेलून, मग उजवीकडे. "काय म्हणाले?" मी विचारलं. "अठ्ठावीस," तो खुर्चीच्या पायाकडे बघत म्हणाला, "खुर्चीमागे. नेआण धरून." जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं मला झालं. खुर्च्यावाले हसतमुखाने माझ्याकडे बघत होते. "मजबूत आहेत हो मॅडम," ते ओरडले, "लग्न टिको न टिको, खुर्ची टिकते!" मी हसले. तोही हसला. त्याच्या हसण्यात काही खोट आहे का ते मी शोधत राहिले आणि मला काही सापडलं नाही. तेच मला जास्त लागलं.

खरं तर सकाळपासून माझे पाय जमिनीवर नव्हते. शनिवार, ऑफिस अर्ध्या दिवसाने सुटलेलं, आणि हातात खुर्च्या, फुलं आणि शेवटी सभागृह बघायचं अशी तीन कामं. लोक म्हणतात, लग्न स्वतः करायला घेतलं की जोडपी एकमेकांच्या जिवावर उठतात. आमचं उलटंच झालं होतं. आम्ही दोघं इमारतींच्या दुरुस्तीचे अंदाज काढतो, एकाच ऑफिसात. गळकी गच्ची, उखडलेल्या फरशा, पोपडे आलेली भिंत. किती सिमेंट लागेल, किती माणसं, किती दिवस. अंदाज मी मांडते आणि तो तपासतो. एका न्हाणीघराच्या फरशांवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, तिथूनच आमचं जमलं. तेव्हा लग्नाचं अंदाजपत्रक म्हणजे आमच्या हातचा मळ, असं आम्हाला वाटलं. दोन्ही घरी सांगून टाकलं, लग्न आमचं आम्ही करणार, कुणाची दमडी घेणार नाही. माझ्या आईने तोंड वाकडं केलं, त्याच्या वडिलांनी आधी रागावून आणि मग जरा सुटल्यासारखं हो म्हटलं. मागच्या रविवारी आम्ही घरातली खाट भिंतीला उभी केली आणि फरशीवर खडूने खुर्च्या आखल्या. दोन रांगांमधून जाड माणूस सरळ चालत जातो की त्याला तिरकं व्हावं लागतं, हे बघायचं होतं. तो बूट घालून, पोटाशी उशी बांधून त्या खडूच्या रांगांमधून गंभीर चेहऱ्याने चालला, नसलेल्या पाहुण्यांना मान लववत, आणि मी भिंतीला टेकून हसून हसून खाली बसले. एवढं सुख मला झेपेल का, असं तेव्हा माझ्या मनात आलं. मग उठून मी फरशी पुसली.

अंदाजपत्रकात रांगा बसल्या, दिवे बसले, जेवण बसलं, वाजवणारे तिघे बसले. बसली नाही ती मावशी. मला वाढवलेली मावशी आता समुद्रापलीकडे, फार लांब राहते. गुडघे गेलेत, तेव्हा ती एकटी येऊ शकत नाही. सोबतीला माणूस हवं, दोघींची तिकिटं हवीत, राहायला तळमजल्यावरची खोली हवी. ती बेरीज मी शेवटी मांडली आणि एकूण आकडा आमच्या ऐपतीच्या बाहेर गेला. मीच म्हटलं, राहू दे, फोनवर दाखवू तिला सगळं. किती शहाण्यासारखं म्हटलं! तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं गं बाई, मला नाहीतरी गर्दी सोसत नाही," आणि लगेच दिव्यांचा रंग कोणता ते विचारलं. त्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट ठरली की मला आनंद व्हायचा, आणि आनंदाच्या तळाशी बुटातल्या खड्यासारखी मावशी टोचायची. पंचवीसाचे अठ्ठावीस ऐकले तेव्हा हा खडाच आधी हलला.

दुकानातून निघून आम्ही सभागृहाकडे चालायला लागलो. ऊन चांगलं होतं, वारा होता, फुटपाथवर दुकानांच्या सावल्यांचे तुकडे पडले होते. तो खुर्च्यांच्या पाठीबद्दल बोलत होता. पाठ जरा मागे झुकलेली आहे, म्हातारी माणसं भाषणात झोपतील, बरंच आहे. मी हूं हूं करत होते. खुर्चीमागे तीन. एवढ्यासाठी कोणी खोटं बोलतं? वरचे पैसे जातात कुठे? त्याच्या घरी काही अडचण आहे का, आणि असेल तर मला का नाही सांगितली? माणूस चार वर्षं समोर बसतो, डब्यातला घास देतो, तुमच्यासाठी पोटाला उशी बांधतो, आणि त्याला एका खुर्चीच्या दरात सहज थाप मारता येते. मग आणखी कशात येत असेल? डोकं एकदा असं सुटलं की मला आवरत नाही. जेवणाचा दर त्याने आणलेला, वाजवणाऱ्यांचा त्याने आणलेला. सगळे दर आठवत मी चालत होते आणि तो माझा कोपर धरून मला खड्ड्याच्या बाजूने काढत होता, नेहमीसारखा. चौकात सिग्नलला थांबलो. समोर लाल दिवा होता, आणि मी आपली लाल दिव्याकडे बघत पंचवीसावर दहा टक्के काढले. साडेसत्तावीस. अर्धा वर ढकलून अठ्ठावीस. ही तर आमच्या ऑफिसची रीत!

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे दशांश म्हणतो. नवीन माणूस कामाला लागला की ते त्याला आधी चहा पाजतात आणि मग मंत्र देतात. "फरशी फुटते. रंग सांडतो. गवंड्याची बायको आजारी पडते. प्रत्येक आकड्यावर एक दशांश चढवायचा, तूटफुटीचा, आणि तोंडाला कुलूप लावायचं. वर काही ठेवलंय हे ज्याला कळतं तो ते खर्च करून मोकळा होतो." चढवायचं ते मांडणाऱ्याने, तपासणाऱ्याने हात लावायचा नाही, नाहीतर एकावर एक थर चढतात. हे मला चौकापर्यंत कळू नये? मला, जिने पाच मिनिटांपूर्वी, दुकानाच्या उंबऱ्यातच, फुलवाल्या बाईंचा आकडा त्याला फुगवून सांगितला होता? ओठ हलले आणि आकडा आपोआप वाढून बाहेर पडला होता. एवढंच नाही, त्याने आणलेला प्रत्येक दर फोनमध्ये मांडताना मी त्याच्यावरही एक थर चढवत आले होते, त्याला न सांगता. म्हणजे त्याचे अठ्ठावीस माझ्याकडे एकतीस झाले असते. कोणी बसायच्या आधीच आमची खुर्ची टम्म फुगली होती. दिवा हिरवा झाला. मला इतकं हसू फुटलं की मी तोंडावर हात धरला. "काय झालं?" तो म्हणाला. "काही नाही," मी म्हटलं, आणि त्याच क्षणी माझं हसू थांबलं. कारण माझं राखीव कशासाठी होतं ते मला माहीत होतं.

ते फरशीसाठी नव्हतं, पावसासाठी नव्हतं. सभागृहाचं आगाऊ भाडं परत मिळत नाही, जेवणाचे अर्धे पैसे परत मिळत नाहीत. ऐनवेळी तो आला नाही तर ते सगळं एकटीने फेडता यावं, कुणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून मी ठेवत होते. त्याने तसं वाटावं असं कधी काही केलं नव्हतं, काहीच नाही. पण मी जिथे वाढले तिथे येणाऱ्या माणसाची अशीच वाट पाहत. आई-बाबांची नोकरी फिरतीची, म्हणून मी मावशीकडे. त्यांचा फोन यायचा की पुढच्या आठवड्यात न्यायला येतो, आणि मावशी मला सांगायची, पुढच्या महिन्यात येतायत. आठवडा संपायचा, कोणी यायचं नाही, आणि मी मजेत खेळत असायचे. खिडकीशी मावशी उभी असायची, पडदा नीट करत, बराच वेळ. मग तीन आठवड्यांनी ती दोघं उगवली की मला वाटायचं, अगंबाई, लवकर आली! मी घरभर नाचायचे. मोठी झाल्यावर, आईशी एकदा भांडताना, मला हे कळलं. आई म्हणाली, आम्ही दर वेळी तुला तारीख कळवत होतो. मी रडले, पण आईसाठी नाही.

मावशीचं घड्याळही तसंच. मला शाळेला उशीर होऊ नये म्हणून ती ते पुढे करून ठेवायची, आणि तिच्या नकळत काकाही करायचे. त्यामुळे मी शाळेच्या फाटकाशी पोचायचे तेव्हा शिपाई अजून घरी दात घासत असायचा. बंद फाटकाच्या गजांमधून मला रिकामं मैदान दिसायचं, त्यावरचं कोवळं ऊन, वर गुंडाळून टांगलेली घंटेची दोरी. मला कधी वाईट वाटलं नाही. सगळी सकाळ वर मिळाल्यासारखी वाटायची, जी कुणाच्याच हिशेबात नाही. मी एका पायावर उड्या मारत फाटकाच्या या टोकापासून त्या टोकाला जायचे. चौक ओलांडताना मला ते गज आठवले, आणि पहिल्यांदाच भीती वाटली ती अशी: त्याचंही राखीव माझ्यासारखंच असलं तर? तोही मनात कुठेतरी माझ्या न येण्याची सोय करत असला तर? मी त्याच्याबद्दल धरलं ते चालतं, त्याने माझ्याबद्दल धरलेलं मात्र चालणार नाही, अशी मी माणूस आहे, हे मला रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर चालता चालता कळलं आणि माझा मलाच राग आला.

सभागृह एका शाळेचं आहे. सुट्टीच्या दिवशी ते भाड्याने देतात. स्वस्त आहे, छत उंच आहे, आत फक्त मुलांची बाकं आहेत म्हणून तर खुर्च्या हव्या होत्या. आम्ही पोचलो तर फाटकाला कुलूप. किल्लीवाल्या माणसाने मला चारला बोलावलं होतं. मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याला साडेतीन सांगितलं होतं. याने निघताना तीनला पोचायचंय म्हणून माझ्या मागे घाई लावली होती. मी फाटकाकडे बघितलं, गजांतून दिसणाऱ्या मैदानाकडे बघितलं, आणि मला राहवेना. शेजारच्या भिंतीच्या कट्ट्यावर बसले. तोही बसला. त्याच्या बुटाच्या शिवणीत अजून रविवारचा खडू होता.

"खुर्च्या पंचवीसच होत्या ना?" मी म्हटलं.

त्याचे कान लाल झाले. "तू ऐकलंस?"

"अख्ख्या रस्त्याने ऐकलं."

"अगं, सवय आहे," तो म्हणाला. "तोंडातून जातंच. आणि आता विचारलंसच तर सांगतो, तू आणतेस त्या दरांवरही मी चढवतो. तपासताना."

"तपासणाऱ्याने हात लावायचा नसतो."

"लग्नात तपासणारा कोण, ते आपण कुठे ठरवलं होतं?"

हे खरं होतं. मीही माझं सांगून टाकलं, दोन्ही थरांचं. तो आधी बघतच राहिला आणि मग असा हसला की रस्त्यावरून जाणारी एक बाई पिशवी सावरून दूर झाली. "म्हणजे दशांशावर दशांश! साहेबांना कळलं तर दोघांना काढतील." मी हसत नव्हते. "तू कशासाठी ठेवत होतास?" मी विचारलं.

"कशासाठी म्हणजे? वीज गेली तर. वाजवणाऱ्याचा घसा बसला तर."

"त्याचा घसा कशाला लागतो?"

"बरं, हात मोडला तर. तुझ्या आईने ऐनवेळी वीस माणसं वाढवली तर, आणि ती वाढवणारच आहे."

"आणि मी आले नाही तर?"

"कुठून?"

"लग्नाला. त्या दिवशी. मी आलेच नाही तर?"

तो गोंधळला. खरोखर गोंधळला, मी त्याचा चेहरा तपासत होते, आमच्या दोघांत तपासणारा तो असला तरी. "तू नाही आलीस तर लग्न कुठून होणार गं?" तो म्हणाला. "ते काय अंदाजात धरायचं असतं?" आणि मग माझ्याकडे बघता बघता त्याला उमगलं. ते उमगताना मी पाहिलं. "तू धरलं होतंस?"

मी होकारार्थी मान हलवली. तो बुटातला खडू नखाने कोरत राहिला, आणि मी त्याच्या मानेकडे बघत राहिले, केस कापून घेतलेल्या मानेकडे, आणि वाटलं, झालं, इतकी सुंदर चाललेली गोष्ट मी स्वतःच्या हाताने घालवली.

"किती धरलं होतंस?" त्याने विचारलं.

"किती म्हणजे? दहा टक्के."

त्याने जरा विचार केला. "म्हणजे नव्वद टक्के मी येतोय."

"अरे..."

"नाही, बरेच आहेत. साहेब नव्या कंत्राटदाराला सत्तरसुद्धा देत नाहीत." तो हसत होता, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता, लागलं होतं त्याला. मी त्याचा हात धरला. त्याने तो काढून घेतला नाही. मग म्हणाला, "ठेवायचं असेल तर ठेव. खरंच. पण दुसऱ्या कशासाठी तरी ठेव."

मग आम्ही तिथेच, कट्ट्यावर, सगळे थर उतरवायला बसलो. तो एकेक खरा दर सांगायचा, मी एकेक खरा दर सांगायचे. गंमत म्हणजे दोघांनाही लाज वाटत होती. चार वर्षं आम्ही एकमेकांना इतकं बघितलं होतं, पण उघडा आकडा कधी दाखवला नव्हता. "फुलं?" तो विचारायचा, आणि मी खाली बघून पुटपुटायचे. "इतकी स्वस्त?" तो ओरडायचा. "आणि जेवण?" त्याने जेवणाचा खरा दर सांगितला तेव्हा मी त्याच्या पाठीत धपाटा घातला, त्या दरापायी मी दोन रात्री तळमळले होते. एकूण आकडा खाली येत चालला, येतच राहिला, आणि माझ्या हातापायांत कसलीशी हलकी हलकी लहर यायला लागली. मनात एक शब्द होता, पण तो उच्चारायचं धाडस होत नव्हतं. उच्चारला आणि बसलं नाही तर? तोच म्हणाला, "मावशी."

"बसेल?"

"मावशी, सोबतीला एक माणूस, तळमजल्यावरची खोली." आणि त्याने दोघींच्या तिकिटांचा दर सांगितला, फोन न बघता, तोंडपाठ. मी त्याच्याकडे बघत राहिले. "रोज बघतो," तो म्हणाला, "कमी होतोय का ते."

"हा उघडा आहे ना? वर काही चढवलेलं?"

"एक पैसा नाही."

बसत होतं. सगळं धरून बसत होतं, आणि वाजवणारा खरंच हात मोडून बसला तर दुसऱ्याचीही सोय होत होती. मी उठून उभी राहिले, परत बसले, परत उभी राहिले. मग मावशीला फोन लावला. माझे शब्द एकमेकांवर आदळत होते. तिला दोनदा सांगावं लागलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "नको गं बाई. कशाला एवढा खर्च? मला गर्दी सोसत नाही, आणि हे गुडघे. तू फोनवर दाखव, मी मस्त आरामात बसून बघेन."

अगदी तोच आवाज. पुढच्या महिन्यात येतायत, असं सांगतानाचा, गोड आणि बेफिकीर. इतकी वर्षं तो आवाज मी ऐकला आणि तो जे म्हणतो ते खरं धरलं.

"मावशी," मी म्हटलं, "मला आता पुढच्या महिन्याचं सांगू नकोस. खरी तारीख सांग."

पलीकडे तिने नाक शिंकरलं. "तुला कधी कळलं ते?" तिने विचारलं.

"झाली बरीच वर्षं."

"कधी बोलली नाहीस."

"तूही नाही बोललीस."

"यायचंय गं मला," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान झाला. "कधीपासून यायचंय. तू दिवस ठरवलास ना, त्याच आठवड्यात मी नवे बूट घेऊन ठेवलेत. कडक आहेत मेले. रोज घरातल्या घरात घालून हिंडते, सैल व्हावेत म्हणून. आमच्याकडे येते ती बाई हसते मला." मी रडत होते आणि हसतही होते, आणि तो माझ्या फोनला कान लावून उभा होता, त्याचा गाल माझ्या गालाला घासत होता. "रडू नकोस," मावशी म्हणाली, "आधी नीट सांग, कुठे आहे ते लग्न?"

"एका शाळेत."

"शाळेत? अगंबाई! किती वाजता?"

"चारला."

"खरे चार, की आपल्या घड्याळातले चार?"

"खरे."

"असू दे. माझा नाही विश्वास. मी आपली आधीच येऊन फाटकाशी उभी राहते."

फोन ठेवला तेव्हा किल्लीवाला सायकलवरून उतरत होता. आम्हाला बघून तो दचकला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघू लागला. "उशीर झाला का मला?" त्याने विचारलं. "नाही नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो. त्याने कुलूप काढलं. फाटक कुरकुरत उघडलं आणि पुढे ते सगळं मैदान, ऊन, टोकाला उंच छताचं सभागृह, जिथे काही दिवसांनी माझं लग्न होतं. माझं लग्न! मला पळत सुटावंसं वाटलं. पण मी उंबरठ्यातच थांबले, फाटकाबाहेरची जागा नीट बघून घेतली. भिंतीची सावली होती, जमीन सपाट होती.

"खुर्च्यावाल्यांना फोन कर," मी त्याला म्हटलं. "एक खुर्ची जास्त सांग."

"आत बसेल ना ती?"

"आत नको," मी म्हटलं. "इथे हवी, फाटकाबाहेर."